एका चुकीचं भाषांतर

नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात मला घेतलं ते माझ्या इंग्रजीसाठी. पत्र्याचे सुटे भाग करणारा मध्यम आकाराचा कारखाना होता. माल परदेशी जायला लागला तशी तिकडची माणसं अधूनमधून तपासणीला यायला लागली, आणि त्यांना प्रत्येक कागद इंग्रजीत हवा असायचा. मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलं होतं. शाळा-कॉलेजांत अर्ज करून करून थकले होते, तेव्हा ही नोकरी मिळाली. मुलाखतीत एचआरच्या साहेबांनी एक पत्र समोर ठेवलं आणि त्यातल्या चुका काढायला सांगितल्या. मी इतक्या काढल्या की साहेब हसून म्हणाले, हे पत्र मीच लिहिलंय.

तिथे माझा थोडा दबदबा झाला, हे मान्य करायला हवं. मोठे मोठे इंजिनियर ईमेल पाठवण्याआधी माझ्याकडे आणायचे. मी लाल पेनाने खुणा करायचे. ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ लावायचं नाही. ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर देणं नव्हे. आणि सगळ्यात जास्त वेळा सांगितलेलं म्हणजे, ‘इट्स माय मिस्टेक’ हे आपलं देशी इंग्रजी आहे, खऱ्या इंग्रजीत ‘इट्स माय फॉल्ट’ म्हणतात. हे सांगताना मला फार बरं वाटायचं.

कंपनीची बस त्रिमूर्ती चौकातून सुटायची. तिथे मला एक मैत्रीण मिळाली. वणीकडची होती, लग्न होऊन सिडकोत आलेली, नवरा रिक्षा चालवायचा. ती पॅकिंगला होती. आम्ही साधारण एकाच वयाच्या, तरी ती मला ताई म्हणायची आणि मीही तिला ताईच म्हणायचे. ती चैत्रात देवीच्या गडावर जायची आणि आल्यावर न विसरता माझ्या हातावर प्रसाद ठेवायची. बसमध्ये आम्ही पोरांच्या शाळेबद्दल, सासवांबद्दल, कारखान्यातल्या माणसांबद्दल बोलायचो. कुठलाही कागद आला की ती मला दाखवायची. वीजबिल असो, शाळेची सूचना असो, मी वाचून सांगितलं की तिचं समाधान व्हायचं.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. सकाळच्या पाळीत प्रेसवर एका माणसाची बोटं गेली. पेठ तालुक्यातला तरुण माणूस होता. भाताची कापणी झाली की ठेकेदारामार्फत नाशिकला कामाला यायचा आणि पावसाळ्यात रोपं लावायच्या, आवणीच्या आत गावी परतायचा. त्या प्रेसचं काम असं होतं : साच्यात पत्र्याचा तुकडा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून दाब येतो, तुकडा वाकतो, तो काढून दुसरा ठेवायचा. दिवसभर हेच. त्या दिवशी त्याचा उजवा हात आत असताना प्रेस खाली आली. मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेब आणि मी हॉस्पिटलमध्ये त्याचा जबाब घ्यायला गेलो. कोपरापर्यंत बँडेज बांधलेला हात स्टँडला टांगला होता. साहेबांना पाहून तो उठायला लागला, तेव्हा शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने त्याला खांद्याला धरून निजवलं. साहेब प्रश्न विचारत होते, मी वहीत मराठीत लिहून घेत होते. तो जसं बोलला तसंच लिहिलं, कारण घाईत शुद्ध करायला वेळ नव्हता.

"पत्रा बसवाया हात आत गेला व्हता," तो म्हणाला. "पेडल दाबल्यावानी तं वाटत नाय मला. पिरेस आली खाली."

साहेबांनी विचारलं, चिमटा वापरला होता का? हाताने तुकडा ठेवायचा नाही, चिमट्याने ठेवायचा असा नियम होता, आणि तशी पाटीही लावलेली होती. चिमट्याने केलं तर दिवसाचं काम पुरं होत नाही आणि सुपरवायझर ओरडतो, म्हणून कुणीच चिमटा वापरत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. साहेबांना माहीत असावं. त्या माणसाने मान खाली घातली.

"नाय वापरला. चूक झाली साहेब."

ऑफिसात येऊन मी जबाब इंग्रजीत टाइप करायला बसले. पहिली अडचण पेडलच्या वाक्याला आली. ‘दाबल्यासारखं वाटत नाही’ याचं काय करायचं? मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, त्याची खात्री नाही ना, मग त्याला आठवत नाही असं लिहा. मला ते पटलं. मी लिहिलं की पेडल दाबल्याचं मला आठवत नाही. वाक्य व्याकरणात चोख होतं.

दुसरी जागा शेवटची, ‘चूक झाली’ची. तिथे साहेबांना काही विचारलं नाही. आधी माझ्या बोटांनी ‘मिस्टेक’ टाइप केलं. मग मी ते पुसलं आणि ‘इट वॉज माय फॉल्ट’ लिहिलं, कारण ते जास्त चांगलं इंग्रजी होतं.

आपल्याकडे दोन्हीला चूकच म्हणतात. पण मिस्टेक म्हणजे हातून काहीतरी चुकीचं होणं. चिमटा वापरायचा राहिला, ही मिस्टेक. फॉल्ट म्हणजे दोष. जे घडलं ते कुणामुळे घडलं, या प्रश्नाचं ते उत्तर आहे. तो माणूस चिमट्याबद्दल बोलत होता. मी त्याच्या तोंडी असं घातलं की बोटं गेली ती माझ्यामुळे. हा फरक मला माहीत नव्हता असं नाही. परीक्षेत विचारला असता तर पानभर लिहिला असता. त्या क्षणी मी फक्त वाक्य कसं दिसतंय ते पाहत होते.

साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, नेमकं लिहिलंत. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मीच त्याला तो कागद मराठीत वाचून दाखवला. जे घडलं त्यात दोष माझा होता, असं मी वाचलं. तो ऐकत होता. बायकोने पुठ्ठा धरला आणि त्याने डाव्या हाताने कशीबशी सही केली. ती सही वाचता येत नव्हती, म्हणून शेजारी अंगठाही घेतला.

अपघाताच्या अहवालात मूळ कारणाची एक चौकट असते. साहेबांनी त्यात माझाच शब्द टाकला, कामगाराचा दोष. त्याखाली काय उपाय केला ते लिहायचं असतं. तिथे लिहिलं गेलं की संबंधित कामगाराला काढलं आणि बाकीच्यांना समज दिली. कारण माणूस ठरल्यावर मशीन उघडून पाहायचा प्रश्नच आला नाही. प्रेस अपघाताच्याच दिवशी दुपारच्या पाळीत चालू झाली होती. परदेशी गिऱ्हाइकाकडून उत्तर आलं की अहवाल समाधानकारक आहे. साहेबांनी ते मला मुद्दाम दाखवलं.

त्या माणसाला ठेकेदाराने पुन्हा पाठवलं नाही. त्याच्या जागी माणूस हवा होता. होळीच्या सुमाराला माझ्या मैत्रिणीला पॅकिंगवरून प्रेसवर टाकलं.

ज्या दिवशी तिला सांगितलं त्या दिवशी बसमध्ये पाथर्डी फाट्याच्या अलीकडे तिने विचारलं, "ताई, त्याच मशीनवर त्याचा हात गेला ना? मशीन नीट हाय ना ती?"

"मशीनला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "त्याची चूक होती. त्याने स्वतः तसं लिहून दिलंय."

ती म्हणाली, मग मी आपली चिमट्यानेच करीन, सुपरवायझर ओरडला तरी चालेल. आणि तिने तसंच केलं. हळू काम करते म्हणून तिला रोज बोलणी बसायची, तरी तिने चिमटा सोडला नाही. मला ती बसमध्ये सांगायची आणि मी तिचं कौतुक करायचे.

जूनच्या शेवटी एका दुपारी वर ऑफिसात ओरडणं ऐकू आलं. मी जिन्यावरून पाहिलं तर तिच्या प्रेसभोवती माणसं जमली होती आणि मशिनी एकामागोमाग एक बंद होत होत्या. एक वाकलेला तुकडा साच्यात अडकला होता. चिमट्याने निघेना, म्हणून तिने पाय पेडलवरून काढून खाली जमिनीवर ठेवला आणि हाताने तुकडा ओढायला गेली. पाय जमिनीवर होता हे शेजारच्या मशीनवरच्या दोघांनी पाहिलं. प्रेस तरीही आली. तिचा उजवा पंजा गेला. हॉस्पिटलमध्ये हात मनगटाच्या वरून कापावा लागला.

तिला गाडीत घालताना मी जवळ गेले होते. ती शुद्धीवर होती. माझ्याकडे बघत होती, पण मला ओळखत होती की नाही, सांगता येत नाही.

या वेळी पोलीस आले, सरकारी निरीक्षक येणार असं कळलं, आणि प्रेस उघडावी लागली. जुन्या फिटरने संध्याकाळपर्यंत ती खोलली. क्लचमधला एक भाग झिजून गुळगुळीत झाला होता. त्यामुळे पेडल न दाबताही प्रेस मधूनच आपोआप एक फेरा मारू शकत होती. फिटर हात पुसत साहेबांना म्हणाला, "फॉल्ट मशीनमध्येच होता साहेब. आजचा नाही हा. लय महिन्यांचा हाय."

कारखान्यातली सगळी माणसं तो शब्द मशीनसाठीच वापरायची. मीटरमध्ये फॉल्ट, लाइनमध्ये फॉल्ट. माणसाला तो शब्द मी लावला होता.

मी टेबलाशी गेले आणि ड्रॉवरमधून ती वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. ‘पेडल दाबल्यावानी तं वाटत नाय मला.’ त्याने आठवत नाही असं म्हटलंच नव्हतं. पेठ-सुरगाण्याकडचा माणूस साहेबासमोर ‘मी दाबलं नाही’ असं ठासून सांगत नाही. तो असंच बोलतो. मला ते कळायला हवं होतं. माझ्या आईच्या माहेरीही माणसं असंच बोलतात.

वही घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी पान वाचलं, पुन्हा वाचलं आणि वही माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, आठवत नाही हे मी सुचवलं, ते मला मान्य आहे," ते म्हणाले. "पण फॉल्ट हा शब्द तुमचा. मी फक्त तो उचलला. आता ही वही घरी ठेवा."

ते धमकी देत नव्हते. घाबरलेल्या माणसाने दुसऱ्या घाबरलेल्या माणसाला सांगावं तसं सांगत होते. मी वही पर्समध्ये टाकली.

दोन दिवसांनी निरीक्षक आले. मला लिहून घ्यायला बसवलं होतं. त्यांनी विचारलं, याच मशीनवर आधी अपघात झाला होता ना? साहेबांनी फाइल पुढे केली. निरीक्षकांनी इंग्रजी जबाब शांतपणे वाचला. त्याने दोष कबूल केलाय, असं ते म्हणाले. साहेब म्हणाले, हो, सही आणि अंगठा दोन्ही आहे. निरीक्षकांनी मान डोलावली आणि पान उलटलं. वही माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होती. मी चेन उघडली नाही. त्यांचा चहा येईपर्यंत, ते पिऊन होईपर्यंत, ते उठून खाली मशीन बघायला जाईपर्यंत मला वेळ होता. मी नोकरीचा विचार करत होते, घराच्या हप्त्याचा विचार करत होते, आणि मुख्य म्हणजे लोक काय म्हणतील याचा. मी काही बोलले नाही.

त्यानंतर मला घरात बसवेना. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तू जाणूनबुजून केलं नाहीस. मला त्याचा राग आला, कारण हेच मी स्वतःला दोन दिवस सांगत होते.

जुलैच्या अखेरीस एका रविवारी मी फाइलमधला पत्ता घेऊन पेठच्या एसटीत बसले. पेठहून पुढे जीप, आणि मग अर्धा तास चिखलातून चालत. आवणी चालू होती. तो बांधावर बसून रोपांच्या जुड्या सोडवत होता. अंगठा आणि करंगळीत जुडी धरायची आणि डाव्या हाताने गाठ सोडायची, अशी सवय त्याने करून घेतली होती. त्याची बायको इतर बायांबरोबर वाफ्यात रोपं लावत होती. मला पाहून ती बाहेर आली. त्यांनी मला ओळखलं. घराच्या पडवीत बसवून कोरा चहा दिला.

मी सांगायला सुरुवात केली. त्याच मशीनवर एका बाईचा हात गेला, मग मशीन उघडली, त्यात काय निघालं ते सांगितलं. मग त्या कागदात मी काय लिहिलं होतं आणि ते त्याने सांगितलेल्यापेक्षा कसं वेगळं होतं, ते सांगितलं. तो हाताकडे बघत होता.

"मी पयल्या दिशी घरी सांगलं, पेडल नाय दाबलं," तो म्हणाला. "मंग तुमी वाचून दावलं, दोष माझा. शिकल्या मानसानं लिवलेलं. मला वाटलं, दाबलंच असंल. आता मलाच ठावं नाय."

हे मी कल्पनेतही आणलं नव्हतं. मला वाटलं होतं की त्याच्यावर अन्याय झाला हे त्याला माहीत असेल आणि तो माझ्यावर चिडेल. पण त्याने गावात, बापाला, सासऱ्याला, सगळ्यांना सहा महिने हेच सांगितलं होतं की माझ्याच दोषानं बोटं गेली. बाप त्याला त्यावरून बोलला होता. त्याच्या बायकोने माझ्याकडे न बघता सांगितलं की रात्री झोपेत तो पाय झटकतो.

मग त्याने विचारलं की त्या बाईचा कोणता हात गेला. मी म्हणाले, उजवा. मी विचारलं, पुन्हा जबाब द्याल का? मी तो सरकारी ऑफिसात देईन, वहीसकट.

"लिवा," तो म्हणाला. "पन मराठीत लिवा."

मी तिथेच लिहिलं. दोनदा वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्याने मला थांबवलं. मी लिहिलं होतं की चिमटा न वापरणं ही माझी चूक होती. तो म्हणाला, चिमटा कुनीच वापरत नव्हतं, ते बी लिवा. मी लिहिलं. सही करून तो उठला आणि शेताकडे गेला, कारण चिखल केलेला वाफा तसाच ठेवता येत नव्हता. मला रस्त्यापर्यंत सोडायला कुणी आलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

सोमवारी मी ते कागद, वहीच्या पानाची झेरॉक्स आणि स्वतःचं निवेदन निरीक्षकांच्या ऑफिसात दिलं. त्यांनी मला विचारलं, त्या दिवशी समोर होतात, तेव्हा का नाही दिलंत? मी म्हणाले, घाबरले. त्यांनी तेही लिहून घेतलं. आठवडाभरात मला कारखान्यातून सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका. पहिल्या अपघाताची चौकशी पुन्हा उघडली. दोन्ही अपघात मिळून कंपनीवर खटला झाला. तो अजून चालू आहे, तारखा पडत आहेत. पेठच्या माणसाला एक पत्र गेलं की आधीच्या अहवालातलं मूळ कारण रद्द केलं आहे. नोकरी त्याला मिळाली नाही. आता तो शहरात येतच नाही असं ऐकते. साहेब दुसऱ्या कंपनीत गेले. ती प्रेस कंपनीने दुसऱ्या एका लहान वर्कशॉपला विकली. विकण्याआधी दुरुस्त केली की नाही, मला कळू शकलं नाही.

निरीक्षकांना कागद देऊन झाले तरी माझ्या मैत्रिणीला मी काही सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये दोनदा जाऊन आले होते, फळं ठेवून, डॉक्टरांशी बोलून. ती घरी आल्यावर महिनाभराने गेले. ती कॉटवर बसली होती, सासू तिची वेणी घालत होती. सासू उठून आत गेल्यावर मी सगळं सांगितलं. बसमध्ये तिने मला काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, तेही.

"तुमाला तवा ठावं होतं?" तिने विचारलं.

"नव्हतं. पण वही माझ्याच ड्रॉवरमध्ये होती. उघडून वाचली असती तर कळलं असतं."

ती म्हणाली, "सुपरवायझरला मी विचारलंच नव्हतं. तो खोटं बोलंल म्हनून. तुमाला विचारलं होतं."

तिने मला जायला सांगितलं. आवाज चढवला नाही. मी चप्पल घालत असताना सासूने चहाचं विचारलं आणि मैत्रिणीने कॉटवरूनच सांगितलं, त्यांना उशीर होतोय.

त्यानंतर पाच-सहा महिने गाठ नाही. मग एके दिवशी तिच्या नवऱ्याचा फोन आला. वकिलाकडून इंग्रजी कागदांचा गठ्ठा आला होता आणि दुसरं कुणी वाचून सांगणारं नव्हतं. तेव्हापासून मी जाते. कागद खाली ठेवून ती समोर बसते. प्रत्येक वाक्य मी मराठीत सांगते, आणि ती विचारते की याचा दुसरा काही अर्थ निघतो का. निघत असेल तर तोही सांगायचा. कधी कधी एका पानाला तास लागतो. तिने मला स्पष्ट सांगितलंय की तिच्या मनातून ते गेलेलं नाही आणि जाणारही नाही. तारखेला आम्ही तिघं तिच्या नवऱ्याच्या रिक्षातून कोर्टात जातो. ती मागे माझ्या शेजारी बसते, डाव्या हाताने बाजूचा दांडा धरून.